दार लावलंय, तरी लाल दिवा का?

आजचा विषय आहे गाडीच्या मीटरवरचा एक छोटा लाल दिवा. गाडीचं चित्र आणि तिची दोन्ही दारं पंखांसारखी उघडलेली, असा तो दिवा दिसतो. कुठलं तरी दार नीट लागलेलं नाही, एवढंच तो सांगतो.

आपल्याकडे गाडी हा घरच्या धंद्याचा भाग असतो. मांडव्याच्या जेट्टीवरून पाहुणे आणायचे, अलिबागच्या बाजारातून खानावळीचं सामान आणायचं, शाळेची मुलं सोडायची. बचत गटातल्या बायकांनी गावोगावी प्रवासी गाड्या चालवाव्यात म्हणून केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनाही सुरू केली. गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. दुरुस्तीला गेलेला प्रत्येक रुपया हप्त्यातूनच कमी होतो, म्हणून हा दिवा कसा वाचायचा ते समजून घेऊ.

दार बंद झालं हे गाडीला कसं कळतं? प्रत्येक दाराला एक लहान स्विच असतो. जुन्या गाड्यांत तो दाराच्या चौकटीवर, रबरी टोपीचं बटण म्हणून दिसतो. नव्या गाड्यांत तो दाराच्या लॅचमध्ये, म्हणजे खटक्याच्या कुलपात लपलेला असतो. तिथून वायर दारातून निघते, दार आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीतून जाते आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या छोट्या कॉम्प्युटरला मिळते. दिवा लावायचा की नाही, हे तो कॉम्प्युटर ठरवतो.

म्हणजे दिवा लागण्याची कारणं मुख्यतः तीन: दार खरंच पूर्ण लागलेलं नाही, स्विच बिघडला आहे किंवा वायर तुटली आहे. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा लोखंड आणि तांब्याला खाते, पुळणीची रेती लॅचमध्ये शिरते आणि पावसाळ्यात त्यावर ओल चढते. त्यामुळे ही तक्रार इथे नवलाची नाही.

दिवा पेटला तर आधी तो खरं बोलतोय असं समजा. चालत्या गाडीत पेटला तर डाव्या बाजूला थांबा, सगळी दारं आणि डिकी उघडून पुन्हा लावा. लॅचचे दोन टप्पे असतात. पहिल्या खटक्याला दार अडकतं, दुसऱ्याला पक्कं बसतं. सीटबेल्टचं टोक, पिशवीचा बंद किंवा ओढणी मध्ये आली की दार पहिल्याच टप्प्यावर राहतं. काही गाड्यांत बॉनेटलाही स्विच असतो, तेही बघा.

एवढं करूनही दिवा गेला नाही, तर स्कॅनर कामाला येतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा भोकांचं एक सॉकेट असतं, त्यात तो लावतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाइलला जोडणारे काही शे रुपयांचे स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी' अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. दारांचे कोड 'बी' अक्षराचे असतात. त्यामुळे मेकॅनिकला आधीच विचारा, "दादा, तुमचा स्कॅनर बॉडी मॉड्यूल वाचतो का?" अगदी साध्या मॉडेलच्या गाडीत असं मॉड्यूल नसेल, तर स्विच आणि वायर हातानेच तपासावी लागते.

चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरमध्ये बॉडी मॉड्यूल निवडायचं आणि लाइव्ह डेटा उघडायचा. तिथे एकेका दारापुढे 'ओपन' किंवा 'क्लोज्ड' असं दिसतं. सगळी दारं लावल्यावरही ज्याच्यापुढे 'ओपन' राहील, ते आपलं दार.

आता ते दार उघडा. स्विच लॅचमध्ये असेल तर स्क्रूड्रायव्हरने लॅच दोन खटके बसेपर्यंत दाबा. चौकटीवर बटण असेल तर ते बोटाने दाबा. पडद्यावर 'क्लोज्ड' आलं, तर स्विच आणि वायर ठीक आहेत. दारच नीट बसत नाही. चौकटीवरचा लोखंडी आकडा सरकवून किंवा बिजागरी, रबर बघून काम होतं. 'ओपन'च राहिलं, तर ती रबरी नळी हलक्या हाताने हलवून बघा. हलवताना अक्षरं बदलू लागली तर वायर तुटायला आली आहे. काहीच बदललं नाही तर स्विच किंवा त्याचा जोड तपासायचा. तपासणी झाली की हँडल ओढून लॅच मोकळं करा आणि मगच दार लावा, नाहीतर ते आकड्यावर आपटेल.

आमच्या गटातल्या एका ताईंना पावसाळ्यानंतर एका गॅरेजात सांगितलं होतं, पुढच्या दाराचं लॅच बदला. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला तेव्हा पुढचं दार 'क्लोज्ड' होतं आणि मागचं उजवं उघडं दिसत होतं. त्याच्या रबरी नळीत एक वायर तुटली होती. ती जोडली आणि दिवा गेला. लॅच बदलून पैसे गेले असते आणि दिवा तसाच राहिला असता.

दुर्लक्ष केलं तर काय होतं? काही गाड्यांत आतला दिवा रात्रभर जळतो आणि पहाटे बॅटरी उतरलेली असते. काहींत दारं आपोआप लॉक होत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला त्या दिव्याची सवय होते, आणि एखाद्या दिवशी मागे लहान मूल बसलेलं असताना दार खरंच अर्धवट लागलेलं असतं.

म्हणून कोणी म्हणालं, "वायर जोडून दिवा कायमचा बंद करून देतो," तर नाही म्हणा. कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो घ्या. पिवळ्या जोडांना हात लावू देऊ नका, ते सहसा एअरबॅगचे असतात. आणि कुठलाही भाग बदलायच्या आधी एवढंच म्हणा, "आधी कुठलं दार उघडं दिसतंय, ते मला पडद्यावर दाखवा."

गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ही माहिती इतरांनाही सांगा.