पदवीधरास शिक्षक व्हावयाचे असल्यास

वडोदरा शहराच्या उत्तरेस वसलेल्या समा भागातील एखाद्या पदवीधरास शिक्षक व्हावयाचे असेल, तर केवळ पदवी पुरेशी नाही. कोणत्या इयत्तांना शिकवावयाचे, हे आधी ठरवून त्यानुसार प्रशिक्षण निवडणे अगत्याचे आहे.

या शहरात शिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले. पुढे १९३५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाल्यावर त्याच महाविद्यालयातून शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा आकारास आली.

बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यांपैकी वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत निरीक्षण, पाठ-टाचण व अध्यापन यांसाठी राखलेले असतात. गुजरातेत शासकीय व अनुदानित शाळांत नेमणुकीसाठी त्यानंतर सहावी ते आठवीकरिता ‘टेट’ आणि नववीपासून पुढे ‘टाट’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

मात्र पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदास बी.एड. ही अर्हता चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. लहान बालकास अक्षर व अंक यांची ओळख करून देण्याचे शास्त्र निराळे असून ते प्राथमिक शिक्षण पदविकेत शिकविले जाते. उच्च पदवी म्हणजे सर्व वर्गांचा परवाना नव्हे. प्रवेशापूर्वीच हा विचार केल्यास उमेदवाराची दोन वर्षे व पालकांचा पैसा वाया जाणार नाही.