लोणारच्या गाळातलं जेवण

शेलूबाजारच्या चौकात लोणारच्या तळ्याचा विषय निघाला की गप्पा दोनच गोष्टींवर येतात, उल्का आणि खारं पाणी. ‘त्या पाण्यात काही जगत नाही’, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मासा नाही म्हणजे जीव नाही, असा आमचा सरळ हिशेब.

1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. त्यानंतरची दीडशे वर्षं वाद खड्ड्याचाच होता, ज्वालामुखीचा की उल्केचा. 1973 च्या सुमारास तळातून काढलेल्या खडकांत आघाताच्या खुणा मिळाल्या आणि उल्केची बाजू पक्की झाली. पाण्याकडे वळणारे होते ते खारासाठी. उन्हाळ्यात काठावर साचणाऱ्या थरांना पापडी, भुस्की, दल्ला अशी वेगवेगळी नावं होती. जिवांना मात्र कुणी नाव विचारलं नाही.

खरं तर पाणी हिरवं दिसतं तेच स्पिरुलिनासारख्या नील-हरित शैवालामुळे. सामू दहाच्या आसपास. त्यात हे शैवाल मजेत वाढतं, मरतं, तळाशी बसतं. तळाच्या गाळात प्राणवायू नाही. तिथं कुजण्यातून मिथेन तयार होतो, आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतो तसाच.  

मग हा मिथेन सगळा हवेतच जातो का? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये इथल्या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर लिहिलं. 2010 मध्ये त्यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत उलटी बाजू तपासली. जड कार्बन घातलेला मिथेन गाळाला दिला आणि तो कुणाच्या डीएनएत उतरतो ते पाहिलं. खाणारे सापडले. म्हणजे कुजून गेलेल्याचा काही भाग पुन्हा पंगतीत येतो.

अशीच पंगत मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याखाली, पाण्यानं भरलेल्या ऑक्स बेल हा गुहांत आहे, हे 2017 मध्ये कळलं. वरच्या जंगलाच्या मातीत तयार झालेला मिथेन खाली झिरपतो, जिवाणू तो खातात आणि जिवाणूंना आंधळे झिंगे खातात. झिंग्यांच्या एका जातीच्या पोषणाचा सुमारे 21 टक्के भाग मिथेनकडून आलेला निघाला. लोणारवर ऊन पडतं, गुहेत कायमचा अंधार; दोन्ही एक नव्हेत. पण वाया गेलेलं पुन्हा ताटात आणण्याची युक्ती तीच.

आमच्याकडे याची चर्चा झाली नाही. तळ्याची चर्चा झाली ती जून 2020 मध्ये, पाणी गुलाबी झालं तेव्हा! न्यायालयानं दखल घेतली, नमुने गोळा झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं खारप्रेमी हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचं नाव घेतलं. उन्हाळ्यात पाणी आटून खार वाढला की ते माजतात. त्याच वर्षी लोणार रामसर यादीतही गेलं. प्रयोगशाळेत ठेवलेलं ते गुलाबी पाणी काही दिवसांत नितळ झालं. रंग भांड्याच्या बुडाशी जाऊन बसला होता.