शयनकक्षातील चित्रपटगृह : खर्च कमी, मोजमाप मात्र नेमके हवे

घरच्या घरी मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहण्याची हौस आता केवळ श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे देशभरातील चित्रपटगृहे बंद झाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून ती निम्म्या आसनक्षमतेने उघडण्याची परवानगी देण्यात आली. दरम्यानच्या काळात घरातच चित्रपट पाहण्याची सवय अनेक कुटुंबांना लागली आणि ती पुढेही टिकली. जिने चढणे कठीण झालेले ज्येष्ठ नागरिक, लहान मुलांचे पालक आणि चित्रपटगृहापासून दूर राहणारी कुटुंबे यांच्या दृष्टीने घरातील मोठा पडदा ही चैन नसून सोय ठरते.

वस्तू व सेवा कराच्या दरांमध्ये २२ सप्टेंबर २०२५ पासून बदल करण्यात आले. त्यानुसार प्रोजेक्टर आणि मोठे दूरचित्रवाणी संच यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. खरेदीला त्यामुळे हातभार लागला असला, तरी या बाजारपेठेत ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यताही मोठी आहे. बेताच्या रकमेत चांगले चित्र आणि स्पष्ट आवाज मिळवायचा असेल, तर उपकरणांच्या आधी खोलीचा विचार करावा लागतो. या योजनेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक घटक म्हणजे अंधार होय.

पडदा किती मोठा असावा?

शहरी सदनिकेतील १० फूट बाय १२ फूट आकाराची खोली उदाहरण म्हणून घेता येईल. पलंगाची उशाची बाजू दहा फुटांच्या एका भिंतीला लागून आहे आणि समोरच्या भिंतीवर चित्र पाडायचे आहे, असे मानले तर प्रेक्षकाचे डोळे पडद्यापासून सुमारे १० फुटांवर येतात.

पडद्याच्या रुंदीने डोळ्यांशी साधारणपणे ३० ते ४० अंशांचा कोन केला म्हणजे चित्रपटगृहासारखा अनुभव मिळतो, असे या क्षेत्रातील प्रचलित निकष सांगतात. दहा फुटांवरून हा कोन साधण्यासाठी कर्णाच्या मापाने सुमारे ७४ ते १०० इंचांचा पडदा लागतो. अशा खोलीसाठी ८० इंचांचा पडदा योग्य ठरतो. १६:९ या प्रमाणात त्याची रुंदी सुमारे ५.८ फूट आणि उंची सुमारे ३.३ फूट भरते. त्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवल्यास पलंगावर पाय पसरून बसलेल्या व्यक्तीलाही संपूर्ण चित्र दिसते.

याच अंतरावरून १९२० बाय १०८० बिंदूंचे, म्हणजे ‘फुल एचडी’ चित्र पुरेसे असते. ८० इंचांच्या पडद्यावरील या चित्राचा प्रत्येक बिंदू दहा फुटांवरून डोळ्याशी सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढाच कोन करतो. निरोगी डोळ्याची बारकावे टिपण्याची क्षमताही साधारण तेवढीच असते. त्यामुळे या खोलीत ‘४के’साठी जादा पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

ल्युमेनचे आकडे आणि वस्तुस्थिती

प्रोजेक्टरच्या जाहिरातींमध्ये हजारो ल्युमेनचे आकडे झळकत असतात. मात्र नुसता ‘ल्युमेन’ हा शब्द पुरेसा नाही. पडद्यावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश ठरावीक पद्धतीने मोजून दिलेला आकडा ‘आन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ या नावाने ओळखला जातो. हा उल्लेख नसेल, तर जाहिरातीतील आकडा विश्वासार्ह मानू नये. हीच सावधगिरी चित्राच्या स्पष्टतेबाबतही बाळगावी लागते. ‘४के सपोर्ट’ याचा अर्थ उपकरण ४के संदेश स्वीकारते एवढाच असतो. पडद्यावर प्रत्यक्षात किती बिंदू उमटतात, हे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या रकान्यातून कळते.

किती प्रकाश लागेल, याचे गणित सोपे आहे. डिजिटल चित्रपटगृहांसाठी निश्चित केलेली तेजस्विता साध्या पांढऱ्या पडद्यावर मिळवण्यासाठी दर चौरस फुटास सुमारे १४ ल्युमेन लागतात. ८० इंचांच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस फूट आहे. म्हणजे खोली पूर्ण अंधारी असल्यास अवघे २७० ल्युमेन पुरतात. कालांतराने होणारी घट आणि रंगांच्या समायोजनात खर्च होणारा प्रकाश लक्षात घेता, ४०० आन्सी ल्युमेनचा प्रोजेक्टर या खोलीत समाधानकारक काम करतो. पडदा १०० इंचांचा केल्यास क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते आणि प्रकाशाची गरजही त्याच प्रमाणात वाढते.

याउलट खोलीत दिवा सुरू असेल तर हे गणित कोलमडते. २० वॅटची एलईडी नळी सुमारे २,००० ल्युमेन प्रकाश देते. तो खोलीभर पसरत असला, तरी त्यातील पडद्यावर पडणारा भाग चित्रातील काळा रंग राखाडी करून टाकण्यास पुरेसा असतो. प्रोजेक्टरला काळा रंग ‘दाखवता’ येत नाही. जेथे प्रकाश पडत नाही, तेथेच काळे दिसते. रात्रीची दृश्ये, सावल्या आणि चेहऱ्यावरील बारीक छटा या सर्व गोष्टी अंधारावरच अवलंबून असतात.

अंधार कसा करावा?

खिडकीला प्रकाशरोधक अस्तराचा पडदा लावणे हा पहिला उपाय. त्याची रुंदी चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी पाऊण-एक फूट अधिक ठेवावी आणि वरच्या फटीतून येणारा प्रकाश रोखण्यासाठी पट्टी लावावी. दाराखालील फट कापडी गुंडाळीने बंद करता येते. वातानुकूलन यंत्राचे व इतर उपकरणांचे लुकलुकणारे दिवे काळ्या चिकटपट्टीने झाकावेत. मात्र हवा खेळती राहील याची काळजी घेणे आवश्यक आहे. प्रोजेक्टर उष्णता बाहेर टाकतो आणि बंद खोलीत अडीच-तीन तास बसायचे असते.

अनेकांच्या लक्षात न येणारी दुसरी बाब म्हणजे पडद्यावरचाच प्रकाश पांढरे छत आणि लगतच्या भिंती यांवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो व चित्र फिके करतो. पडद्यालगतच्या दोन-तीन फूट भिंतीला गडद रंग दिल्यास किंवा तेथे गडद कापड टांगल्यास फरक स्पष्ट जाणवतो. भाड्याच्या घरात कापडाचा पर्याय सोयीचा पडतो.

भिंत हाच पडदा

स्वतंत्र पडदा विकत घेणे अपरिहार्य नाही. पुट्टीने गुळगुळीत केलेली आणि चमकविरहित पांढरा रंग दिलेली भिंत उत्तम काम देते. चकाकणारा ऑइलपेंट टाळावा, कारण त्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसते. चादर टांगण्याची पद्धत सर्वपरिचित असली, तरी चादरीतून बराच प्रकाश आरपार जातो आणि सुरकुत्या चित्रात उमटतात. कापडच वापरायचे असल्यास प्रकाशरोधक अस्तराचे पांढरे कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवावे.

चित्राभोवती दोन-तीन इंचांची काळी मखमली पट्टी लावल्यास कडा रेखीव दिसतात आणि चित्र अधिक उठावदार वाटते. गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज़ के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट होय. अशा रुंद चित्रपटांमध्ये वर व खाली काळे पट्टे दिसतात, तर त्यापूर्वीच्या बहुतेक चित्रपटांमध्ये ते डाव्या-उजव्या बाजूंना येतात. हा उपकरणाचा दोष नव्हे. चित्र ताणून पडदा भरण्याचा मोह टाळणेच योग्य.

प्रोजेक्टरची जागा आणि छताचा पंखा

प्रोजेक्टर पडद्यापासून किती अंतरावर ठेवावा लागेल, हे त्याच्या ‘थ्रो रेशिओ’वर ठरते. पडद्याच्या रुंदीला या आकड्याने गुणले की अंतर मिळते. हा आकडा १.२ असेल, तर ५.८ फूट रुंद पडद्यासाठी प्रोजेक्टर सुमारे ७ फुटांवर हवा. तोच उशाकडील भिंतीवर, ११ फुटांवर बसवल्यास चित्र ९ फुटांहून अधिक रुंद होईल, म्हणजे जवळजवळ सगळी भिंत व्यापेल आणि त्याच प्रमाणात मंदही होईल. त्या फळीवरून ८० इंचांचे चित्र हवे असेल, तर १.९ च्या आसपास थ्रो रेशिओ असलेले उपकरण शोधावे लागते. जागा आधी मोजावी आणि प्रोजेक्टर नंतर निवडावा, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

भारतीय घरात आणखी एक अडचण असते ती छताच्या पंख्याची. खोलीच्या मध्यभागी असलेला चार फुटी पंखा नेमकी सात फुटांवरची छताची जागा अडवतो. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोत पात्यांमधून गेल्यास चित्र लुकलुकते. यावर दोन उपाय संभवतात. एक म्हणजे पलंगावर दोन प्रेक्षकांच्या मध्ये, पायांच्या बाजूला, एक बुटका व स्थिर चौरंग ठेवून त्यावर प्रोजेक्टर मांडणे. दुसरा म्हणजे पात्यांच्या पातळीखाली, साडेसहा-सात फूट उंचीवर, मागील भिंतीला फळी लावून तेथे योग्य थ्रो रेशिओचा प्रोजेक्टर उलटा बसवणे व मेनूमधून चित्र सुलट करणे.

प्रोजेक्टर शक्यतो पडद्यासमोर सरळ असावा. तिरका ठेवल्यास चित्राचा आकार बिघडतो. ‘कीस्टोन’ सुविधेने तो चौकोनी करता येतो, परंतु त्यात काही बिंदू वाया जातात आणि स्पष्टता घटते.

आवाज : भिंतीच्या आत आणि बाहेर

स्वस्त प्रोजेक्टरमधील अंगभूत ध्वनिक्षेपक लहान असतो आणि आवाज पडद्याकडून न येता मागून किंवा बाजूने येतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या व्यक्तीच्या कानाच्या उंचीवर दोन साधे स्पीकर ठेवल्यास ही उणीव दूर होते. घरात जुना स्टीरिओ सुस्थितीत असेल, तर तोही वापरता येतो. जोडणी तारेने करावी. ब्लूटूथमुळे आवाज किंचित मागे पडतो आणि ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ बसत नाही.

या बाबतीत शयनकक्ष दिवाणखान्यापेक्षा सरस ठरतो. गादी, उशा, रजया, पडदे आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हे सर्व आवाजाचा प्रतिध्वनी शोषून घेतात व संवाद स्पष्ट ऐकू येतात. मात्र खर्जातील आवाज अशा वस्तूंनी शोषला जात नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा आणि १० फुटांच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झचा ध्वनी घुमतो. खोलीच्या कोपऱ्यात सबवूफर ठेवल्यास हे घुमणे वाढते. तो कोपऱ्यापासून दूर, जाड रबरी चटईवर ठेवणे हिताचे.

खर्जाचा आवाज भिंती व स्लॅबमधून शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो, ही बाब केवळ सौजन्याची नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. अनेक उपकरणांमध्ये असलेली ‘नाइट मोड’ सुविधा स्फोटांचे आवाज दाबून संवाद वर आणते. रात्री तिचा वापर करावा.

खर्चाची विभागणी

एकूण ३० हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे, असे गृहीत धरल्यास १६ हजार प्रोजेक्टरसाठी, ७ हजार आवाजासाठी, ३ हजार पडदे, रंग व काळ्या पट्टीसाठी आणि ४ हजार स्ट्रीमिंग स्टिक व तारांसाठी, अशी विभागणी करता येईल. स्वतंत्र स्टिकला कारण आहे. अनेक स्वस्त प्रोजेक्टरमधील अँड्रॉइड प्रणालीला चित्रपट पुरवणाऱ्या सेवांची मान्यता नसते. परिणामी चित्र अस्पष्ट दर्जाचे मिळते किंवा ती सेवा सुरूच होत नाही.

मासिक शुल्क भरायचे नसल्यास डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि आता ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी सेवा उपलब्ध आहे. तिचा सेट टॉप बॉक्स प्रोजेक्टरला थेट जोडता येतो. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हा ओटीटी मंचही सुरू केला.

कार्यालयांतून निघालेले जुने प्रोजेक्टर स्वस्त मिळतात. ते घेताना मेनूमधील दिव्याच्या वापराचे तास अवश्य पाहावेत, कारण नव्या दिव्याची किंमत सगळी बचत खाऊन टाकू शकते. पूर्ण पांढरे व पूर्ण काळे चित्र लावून धुळीचे डाग आणि निकामी बिंदूही तपासावेत.

दूरचित्रवाणी संच केव्हा बरा?

खोलीत अंधार करणे शक्य नसेल किंवा चित्रपट मुख्यतः दिवसा पाहिले जाणार असतील, तर तेवढ्याच रकमेचा दूरचित्रवाणी संच अधिक समाधान देईल. त्याची तेजस्विता प्रोजेक्टरच्या चित्राच्या कित्येक पट असते. हा निर्णय खरेदीपूर्वीच घेतलेला बरा. त्यासाठी आधी खिडकी झाकून, दिवे मालवून खोली कितपत अंधारी होते ते पाहावे, मग भिंतीवर ५.८ फूट बाय ३.३ फुटांची चौकट खडूने आखून पलंगावरून न्याहाळावी आणि प्रोजेक्टर ठेवण्याच्या जागेचे अंतर टेपने मोजावे. या तिन्ही चाचण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि त्यांचे उत्तर अनुकूल आले, तरच पुढील खर्च सार्थकी लागतो.