साहेबांना अडवणारा माणूस

प्रतापगडाची गोष्ट सांगताना जिवा महाला आला की सांगणाऱ्याचा आवाज चढतोच. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तर पोरासोरांनाही पाठ असते. 10 नोव्हेंबर 1659 च्या शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या भेटीत खानाच्या सय्यद बंडाचा वार जिवाने परतवला, यात वाद नाही. पण त्या वाराआधी किती गोष्टी ठरलेल्या होत्या, हे आपण भराभर सांगून टाकतो. भेटीची जागा महाराजांच्या मुलखातली, सोबत किती माणसे असावीत याची बोलणी वकिलांमार्फत आधीच झालेली, अंगरख्याखाली चिलखत, जावळीच्या रानात दबा धरून बसलेले मावळे. सय्यद बंडाला शामियान्यातून दूर करायला लावल्याचेही सांगितले जाते. अंगरक्षणाचे काम आजही बरेचसे याच रीतीने चालते आणि पाहणाऱ्यांची नजर आजही शेवटच्या वारावरच असते. त्यामुळे सफारी सूट, काळा चष्मा आणि दंडाची बेटकुळी म्हणजे अंगरक्षक, असे चित्र मनात बसले आहे. प्रत्यक्षात या माणसाची सर्वांत अवघड जबाबदारी हल्लेखोराला आवरण्याची नसतेच. ज्याचे रक्षण करायचे, त्यालाच वेळेवर अडवण्याची असते.

हे पटण्यासाठी त्याचा दिवस बघावा लागतो. कार्यक्रम संध्याकाळी असला, तर कामाला लागलेला अंगरक्षक त्याच्या बराच आधी हॉलवर पोचतो. दारे किती, मागचा जिना कुठे उघडतो, लिफ्ट अडकली तर काय, गाडी तोंड बाहेर करून कुठे उभी राहील, जवळचे कोणते रुग्णालय रात्री शस्त्रक्रिया करू शकते, हे सगळे तो चालून पाहतो. साहेबांचा रक्तगट त्याला ठाऊक असतो. गर्दीत तो चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघतो, कारण इजा करणारी वस्तू हातातच असणार. मॅडमची पर्स किंवा साहेबांचा मोबाइल धरायचा नाही, हा साधा नियमही स्वतःचे हात मोकळे राहावेत म्हणूनच असतो. आपल्याकडे सर्रास मोडला जातो तो हाच. पिस्तूल उपसायची वेळ आली, तर आधीचे बरेचसे काम फसलेले असते.

30 मार्च 1981 ला वॉशिंग्टनमधल्या हिल्टन हॉटेलबाहेर अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या गेल्या. टिम मॅकार्थी या रक्षकाने अंग पसरून मध्ये येत एक गोळी पोटात घेतली. त्याच क्षणी दुसरे रक्षक जेरी पार यांनी अध्यक्षांना अक्षरशः ढकलून गाडीत कोंबले. गाडी व्हाइट हाउसकडे निघाली होती. रेगन यांना वाटत होते की या धसमुसळेपणात आपली बरगडी मोडली. पार यांना त्यांच्या तोंडातून येणारे लालभडक, फेसाळ रक्त दिसले. फुप्फुसाला इजा झाल्याचे ताडून त्यांनी गाडी रुग्णालयाकडे वळवली आणि रेगन वाचले. अध्यक्षांना त्यांनी ना ढकलताना विचारले, ना वाट बदलताना. याउलट 8 जुलै 2022 ला जपानमधल्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या पाठीमागचा रस्ता मोकळा राहिला होता. पहिला बार चुकला. दुसरा, जीवघेणा, सुमारे अडीच सेकंदांनी झाला. तेवढ्या वेळात कोणीही त्यांना खाली पाडले नाही.

प्रशिक्षण तर दोन्हीकडे होते, मग साहेबांना अडवण्याच्या अधिकाराचा मुद्दा कुठे येतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच देशात आहे. 12 ऑगस्ट 1997 ला कॅसेट-उद्योजक गुलशन कुमार यांची अंधेरीत हत्या झाली, ती ते रोज जात त्या मंदिराबाहेर. रोजची तीच वाट बदलायला लावणे, हे कोणत्याही अंगरक्षकाचे पहिले काम. पण श्रद्धेच्या गोष्टीत पगारी माणसाचे कोण ऐकणार? 21 मे 1991 च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला एका महिला पोलीस अधिकाऱ्याने हार घेऊन पुढे येणाऱ्या तरुणीला मागे सारायचा प्रयत्न केला होता. राजीव गांधींनीच तिला येऊ द्यायला सुचवले, असे त्या अधिकाऱ्याने पुढे सांगितले. तिने घडवलेल्या स्फोटात राजीव यांच्यासोबत त्यांचे अंगरक्षक प्रदीपकुमार गुप्ताही गेले. पंतप्रधानांच्या रक्षणासाठीचे एसपीजी हे खास दल तेव्हा होते, परंतु त्याच्या कायद्यात माजी पंतप्रधानांची तरतूद नव्हती. ती नंतर त्याच वर्षी झाली.

यावर रास्त आक्षेप असा, की लोकांत मिसळणे हा राजकारण्याचा धर्मच आहे. दोरखंडापलीकडून हात हलवणारा पुढारी कोणाला हवा? शिवाय रक्षकाचे सगळेच ऐकायचे तर इंदिरा गांधींनी शीख रक्षकांना दूर ठेवायचा सल्लाही मानायला हवा होता. त्यांनी तो मानला नाही आणि 31 ऑक्टोबर 1984 ला त्यांच्याच दोन रक्षकांनी त्यांना मारले. हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. अख्ख्या समाजावर संशय घेणे पंतप्रधानाने नाकारले, ते योग्यच होते. पण पहाऱ्यावरच्या एकेका माणसाची नीट पारख करणे, हे काम त्या नकाराने थांबत नव्हते. कोणाला भेटायचे, हे पुढाऱ्याने ठरवावे. कुठून, किती अंतरावरून आणि झडतीनंतर की आधी, हे रक्षकाने. एवढी वाटणी आधी झालेली असली, तर गर्दीत उतरूनही काम होते.

खासगी क्षेत्रात ही वाटणी आणखी अवघड, कारण तिथे पगार देणारा आणि अडवायचा माणूस एकच. खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्यात व्यक्तीचे रक्षण आणि मालमत्तेचे रक्षण एकाच व्याख्येत बसवले आहे. म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि उद्योगपतीचा अंगरक्षक कायद्याच्या लेखी एकाच रांगेत. केंद्राच्या नमुना नियमांत प्रशिक्षण 100 तास वर्गातले आणि 60 तास मैदानातले. माजी सैनिक-पोलिसांना त्याहून कमी. त्यात गणवेश, आग विझवणे, ओळखपत्रे तपासणे, एफआयआर नोंदवणे, अगदी पोलीस-लष्कराच्या हुद्द्यांची चिन्हेही येतात. अधिकार मात्र सामान्य नागरिकाएवढेच. स्वतःचा, दुसऱ्याचा किंवा मालमत्तेचा बचाव करण्यापुरते बळ वापरायचे, त्यापुढे नाही. सेल्फीसाठी आलेल्या पोराला धक्का मारणाऱ्या बाउन्सरला कोणतेही कवच नाही, आणि ते नसावेच.

निम्मे अंगरक्षक रुबाबासाठीच ठेवलेले असतात, हेही लोक म्हणतात आणि लग्नसराईतले ताफे बघितले की ते खोटे वाटत नाही. पण ज्याला खरोखर धमकी आलेली आहे, त्याने माणसे मोजण्याआधी ठेवलेल्या माणसाला एवढेच लिहून द्यावे, की बाहेर पडायची वेळ, वाट आणि निघून जायचा निर्णय याबाबत त्याचा शब्द शेवटचा राहील आणि तो वापरला म्हणून नोकरी जाणार नाही. त्याला पुढच्या महिन्यात पगारवाढ दिली नाही तरी चालेल; पण भर कार्यक्रमातून दंड धरून बाहेर काढले म्हणून चारचौघांत त्याच्यावर ओरडायचे नाही.