हतनूरचे हिवाळी पाहुणे

दिवाळीचा फराळ संपतो, बाजारात भरताची हिरवी वांगी दिसू लागतात, आणि त्याच सुमाराला आपल्या तापीकाठी दूरदेशचे पाहुणे उतरतात. चहापाण्याची तसदीसुद्धा न देणारे पाहुणे, बरं का!

दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी देणारं हतनूर धरण तुम्हाला ठाऊक असेलच. तापी-पूर्णेच्या संगमाखाली बांधलेल्या या धरणाचे ४१ दरवाजे पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. पण मैत्रिणींनो, डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी एकदा जाऊन पाहा. धरणातला गाळ आपल्याला डोकेदुखी वाटतो. पक्ष्यांची पंगत मात्र त्याच उथळ पाण्यात बसते.

बदकांच्या गर्दीत एखादा पक्षी मोठा, राखी रंगाचा आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला दिसला, तर तो पट्टकादंब समजा. हा रानहंस लडाख, तिबेट, मंगोलियात पिलं वाढवतो आणि थंडीत हिमालय ओलांडून खाली येतो. विरळ हवेतही प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद त्याच्या रक्तात असते. रात्री तो शेतात, गवतात चरतो आणि दिवसा पाण्याकाठी विसावतो. दर वर्षी थवा सारखाच मोठा असतो असं नाही. कधी चार-दोनांवरच समाधान मानावं लागतं.

पाण्यावर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी म्हणजे कुरव. त्यातल्या एकाचं नाव ‘तपकिरी डोक्याचा कुरव’. पण नावावरून शोधाल तर फसाल हं! हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त काळसर ठिपका. तपकिरी रंग चढू लागला, की परतीचे दिवस जवळ आले म्हणायचे.

जाताना साडी किंवा पोशाख मळकट रंगाचा असावा. दुर्बीण, स्वेटर आणि डब्यात भरीत-कळण्याची भाकरी घ्या. पक्षी माना ताठ करू लागले, की पाऊल तिथेच थांबवा. मुलांना ‘उडवून दाखव’ म्हणू नका. कौतुकाने शेव-फरसाण तर मुळीच फेकू नका. खारट, तळकट पदार्थ हे त्यांचं अन्न नव्हे.

एवढी काळजी कशासाठी? थवा विनाकारण उठला, की त्याच्या अंगातली शक्ती खर्च होते. इथे अंगावर धरलेल्या चरबीच्या बळावरच त्याला वसंतात पुन्हा हिमालय ओलांडायचा असतो. माहेरपणाला आलेल्या लेकीला आपण पहाटे हलवून उठवतो का? तसंच हे.

तेव्हा या रविवारी स्वयंपाक आदल्या रात्री उरकून ठेवा आणि उजाडता निघा. घरच्यांना सोबत न्याच. मात्र गप्पा परतीच्या वाटेवर!