तोट्यातील किरकोळ विक्री कंपनीच्या गुंतवलेल्या भांडवलावरील परताव्याचे मापन : पुणेस्थित 'फर्स्टक्राय'च्या संदर्भात

प्रस्तावना :

पुणे शहरात 2010 साली सुपम माहेश्वरी व अमिताव साहा यांनी स्थापन केलेली ब्रेनबीज सोल्यूशन्स ही कंपनी 'फर्स्टक्राय' या नावाने लहान मुलांच्या वस्तूंची विक्री करते. 13 ऑगस्ट 2024 रोजी तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. 2022-23 मध्ये कंपनीला सुमारे 486 कोटी रुपयांचा एकत्रित तोटा झाला होता. 2023-24 मध्ये विक्रीउत्पन्न सुमारे 6,481 कोटी व तोटा सुमारे 321 कोटी, तर 2024-25 मध्ये विक्रीउत्पन्न सुमारे 7,660 कोटी व तोटा सुमारे 265 कोटी रुपये होता. विक्री वाढत आहे आणि तोटा घटत आहे, हे या आकड्यांवरून दिसते. परंतु व्यवसायात घातलेला प्रत्येक रुपया किती कमावतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर देणारे माप म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा होय. तोट्यातील किरकोळ विक्री कंपनीच्या बाबतीत हे माप कोणत्या ठिकाणी फसवे ठरू शकते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :

करोत्तर कार्यचालन नफ्यास गुंतवलेल्या भांडवलाने भागून आलेले प्रमाण म्हणजे हा परतावा. अंशस्थानी व्याज वजा करण्यापूर्वीचा, केवळ मुख्य व्यवसायातून मिळालेला नफा असतो. छेदस्थानी भागधारकांचा निधी व कर्ज यांची बेरीज करून त्यातून व्यवसायास न लागणारी अतिरिक्त रोख वजा केली जाते. येणारे प्रमाण भारित सरासरी भांडवल खर्चापेक्षा अधिक असेल तर व्यवसाय मूल्य निर्माण करतो. कमी असेल तर विक्री वाढत असूनही मूल्य घटत जाते.

या मापाचा मूलभूत नियम एकच आहे : जे भांडवल नफा मिळवण्यासाठी राबते ते सर्व छेदात आले पाहिजे, आणि छेदात जे धरले त्याच्याशी सुसंगत नफाच अंशात आला पाहिजे. अडचणीतील कंपनीच्या बाबतीत हा नियम मोडण्याचे प्रसंग पुढीलप्रमाणे येतात.

1) भाड्याची दुकाने :

किरकोळ विक्रेत्याची बहुतांश दुकाने भाडेपट्ट्याची असतात. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या भारतीय लेखा मानक 116 नुसार दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे दायित्व ताळेबंदात दाखवावे लागते आणि भाड्याच्या जागी घसारा व व्याज हे दोन खर्च येतात. व्याज कार्यचालन नफ्याच्या खाली वजा होत असल्याने हा नफा आपोआप वाढलेला दिसतो. अभ्यासकाने हा वाढीव नफा अंशात घेतला आणि भाडेपट्ट्याचे दायित्व मात्र छेदात धरले नाही, तर परतावा फुगतो. विक्रीच्या टक्केवारीवर ठरलेले भाडे या दायित्वात येत नाही. ते पूर्वीप्रमाणेच खर्च म्हणून राहते, हेही लक्षात घ्यावे लागते.

भाड्याने घेतलेली जागा हे भांडवलच आहे, याचा प्रत्यय फ्यूचर रिटेलच्या उदाहरणात येतो. पुण्यासह देशभर 'बिग बझार' चालवणाऱ्या या कंपनीस 2020-21 मध्ये सुमारे 3,180 कोटी रुपयांचा तोटा झाला. ऑगस्ट 2020 मध्ये फ्यूचर समूहाचा व्यवसाय रिलायन्स समूहास 24,713 कोटी रुपयांस देण्याचा करार जाहीर झाला; तो ॲमेझॉनशी झालेल्या वादात अडकला. दरम्यान भाडे थकलेल्या अनेक दुकानांचे भाडेपट्टे रिलायन्स समूहाच्या नावे झाले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्या समूहाने दुकाने ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. एप्रिल 2022 मध्ये करार रद्द झाला, जुलै 2022 मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली आणि 2024 मध्ये कंपनीच्या परिसमापनाचा आदेश निघाला. भाडेपट्टे गेल्यावर विक्रीची जागाच उरली नाही, आणि धनकोंच्या वसुलीचा मुख्य आधारही गेला.

2) ख्याती व निर्लेखन :

फर्स्टक्रायच्या 'ग्लोबलबीज' या उपकंपनीने 2021 पासून अनेक लहान ब्रँडमध्ये नियंत्रक हिस्सा विकत घेतला. अशा खरेदीत निव्वळ मालमत्तेपेक्षा अधिक दिलेली रक्कम ख्याती, म्हणजेच व्यवहारातील 'गुडविल', म्हणून ताळेबंदात येते. ही रक्कम प्रत्यक्ष दिलेली असल्याने व्यवस्थापनाचे मूल्यमापन करताना ती छेदात ठेवणे आवश्यक आहे. दुकानांची दैनंदिन कार्यक्षमता तपासायची असेल तर ख्याती वगळून दुसरे प्रमाण काढावे. पुढे ख्यातीचे मूल्य घटवून ती निर्लेखित केली, तर छेद लहान होतो आणि पुढील वर्षी परतावा सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून निर्लेखित रक्कम छेदात परत मिळवणे उचित ठरते.

3) कर्मचाऱ्यांचे शेअर विकल्प व अतिरिक्त रोख :

नव्या पिढीच्या कंपन्या समायोजित नफा दाखवताना शेअर विकल्पांचा खर्च अनेकदा वगळतात. त्यात रोख रक्कम जात नसली तरी तो वेतनाचाच भाग असून त्याचा भार भागधारकांच्या हिश्श्यावर पडतो. म्हणून तो अंशातून वजा करावा. उलटपक्षी, 2024 च्या समभाग विक्रीत ब्रेनबीजने नवीन समभागांद्वारे 1,666 कोटी रुपये उभारले. यातील विनावापर राहिलेली रक्कम छेदातून आणि तिच्यावरील व्याज अंशातून, अशी दोन्ही ठिकाणांहून वगळावी लागते. समभाग विक्री वर्षाच्या मध्यावर झाल्याने आरंभीच्या व अखेरच्या भांडवलाची सरासरी घेणे इष्ट होय.

4) पुरवठादारांची थकबाकी :

पुरवठादारांची बिनव्याजी देणी खेळत्या भांडवलातून वजा होतात. त्यामुळे अडचणीतील विक्रेत्याने देणी लांबवली की छेद कमी होतो आणि परतावा वाढतो. आजार वाढला असता ताप उतरल्याचे दाखवणाऱ्या तापमापकासारखी ही स्थिती आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांस जास्तीत जास्त 45 दिवसांत रक्कम देणे बंधनकारक आहे. विलंबावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मुदतीपलीकडील थकबाकी ही बिनव्याजी सवलत नव्हे. ती कर्ज समजून छेदात मिळवावी.

उदाहरणाद्वारे स्पष्टीकरण :

एक काल्पनिक विक्रेता घेऊ. त्याचा भागधारक निधी व कर्ज मिळून 200 कोटी, भाडेपट्ट्याचे दायित्व 300 कोटी आणि पूर्ण भाडे वजा केल्यानंतरचा नफा 24 कोटी रुपये आहे. भाडे 60 कोटी व त्याजागी येणारा घसारा 36 कोटी धरल्यास मानक 116 नुसारचा कार्यचालन नफा 48 कोटी होतो. मागील तोट्यांमुळे कर शून्य मानला आहे. मात्र असे तोटे कायद्यानुसार 8 वर्षेच पुढे नेता येत असल्याने ही सूट कायमची मानू नये.

आता 48 कोटींना केवळ 200 कोटींनी भागल्यास परतावा 24 टक्के येतो. हे मिश्रण चुकीचे आहे. 500 कोटींनी भागल्यास तो 9.6 टक्के येतो. भाडेपट्टे धरून काढलेला भांडवल खर्च 11 टक्के असेल, तर हा विक्रेता मूल्य घटवत आहे. त्याने पुरवठादारांचे 60 कोटी अडवून कर्ज फेडले, तर छेद 440 कोटी होऊन परतावा 10.9 टक्के दिसेल. दुकानात एकही जादा ग्राहक न येता प्रमाण जवळजवळ 11 टक्क्यांवर पोहोचते.

निष्कर्ष :

तोट्यातील किरकोळ विक्री कंपनीच्या परताव्याचा वाद बहुधा अंशावर होतो. निर्णायक चुका मात्र छेदात असतात. दुकानाचा मालक, लहान पुरवठादार, बँक आणि भागधारक हे चौघेही अशा व्यवसायास भांडवल पुरवतात. त्यांपैकी एकाचाही हिस्सा गाळून काढलेले प्रमाण उरलेल्यांची दिशाभूल करते. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या वर्गात गुणोत्तर विश्लेषण शिकवताना तयार सूत्रात आकडे भरून घेण्याऐवजी, छेदात कोणाचे भांडवल आले आणि कोणाचे सुटले हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे प्रथम ठेवावा. फर्स्टक्रायसारख्या स्थानिक कंपनीचे प्रकाशित वार्षिक अहवाल त्या अभ्यासास सहज उपलब्ध आहेत.