‘मोकळा’ आणि ‘मोकाट’ : पायवाटेवरील कुत्र्याचा प्रश्न

रानवाटेने हिंडणाऱ्याने आपला कुत्रा दोरीविना सोडावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु इंग्लंडमधील कायद्यांनी त्याचे उत्तर ज्या शब्दांत दिले आहे ते तपासले असता, या वादाचे मूळ पुष्कळ अंशी अर्थनिश्चितीत आहे असे दिसून येते.

मराठीत ‘मोकळा’ आणि ‘मोकाट’ हे दोन शब्द आहेत. बंधनाचा अभाव दोहोंतही अभिप्रेत आहे; परंतु ‘मोकाट’ म्हणताना धन्याचा ताबा सुटल्याचेही आपण सुचवितो. दोरी नसलेला कुत्रा मोकळा खरा, पण तो मोकाट असतोच असे नाही. पशुधनाच्या रक्षणार्थ १९५३ साली झालेल्या इंग्रजी कायद्यात १९८१ साली जी दुरुस्ती करण्यात आली, तिने नेमका हाच भेद स्वीकारला. मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा मोकाट असणे हा, काही अपवाद सोडता, अपराध ठरला. आणि जो दोरीने बांधलेला नाही व अन्य प्रकारेही निकट नियंत्रणात नाही, तो मोकाट अशी व्याख्या झाली.

२००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ इत्यादी भूमीवर पायी हिंडण्याचा हक्क दिला, तेव्हा मात्र भाषा बदलली. तेथे १ मार्च ते ३१ जुलै या काळात, तसेच पाळीव जनावरांच्या आसपास केव्हाही, कुत्रा आखूड दोरीने बांधलेला असला पाहिजे. आणि ‘आखूड’ म्हणजे ठराविक लांबीची, २ मीटरहून अधिक नसलेली.

हा बदल का झाला असावा? ‘नियंत्रण’ हा मूल्यमापनाचा शब्द आहे, आणि जागेवर ते मूल्यमापन करतो तो धनीच. ‘हाक मारली की येतो’ या त्याच्या विधानाची खरी परीक्षा ते खोटे ठरते त्या क्षणीच होते. शिवाय चंडोल, टिटवी यांसारखे पक्षी जमिनीवर घरटे करतात. कुत्रा आज्ञाधारक आहे की नाही हे पक्षिणीला ठाऊक नसते; ती उठते आणि अंडी उघडी पडतात. अशा ठिकाणी तारीख आणि मीटर हीच भाषा योग्य होय.

तथापि मोजता येणारा नियमही परिपूर्ण नसतो. सिडनीजवळच्या वनांत झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोरीने बांधलेले कुत्रे नेल्यानंतरही पक्ष्यांच्या जातींत ३५ टक्के व संख्येत ४१ टक्के घट आढळली. उलटपक्षी, गुरे अंगावर येत आहेत असे वाटल्यास कुत्रा सोडून द्यावा, असे इंग्लंडमधील सरकारी मार्गदर्शिकाच सांगते. कारण गुरांचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो आणि दोरी धरून ठेवणारा माणूस मध्ये सापडतो.

तात्पर्य, ‘दोरी असावी काय?’ या एकाच प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले आहेत. विणीच्या हंगामात आणि जनावरांजवळ दोरी हवी. इतरत्र नियंत्रण पुरेसे मानता येईल, मात्र ते सिद्ध करण्याचा भार धन्यावर असावा. आणि जेथे पक्षिजीवन विशेष नाजूक आहे तेथे दोरीसहही कुत्रा नेऊ नये. नियमाची भाषा ठरविताना प्रथम विचारावयास हवे ते हे की, या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष वाटेवर कोण ठरविणार आहे?